एडवर्ड तिसऱ्याची वंशावळ स्वतःच्या हाताने कशी मांडावी

इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा १३ नोव्हेंबर १३१२ रोजी विंडसरला जन्मला, वयाच्या पंधराव्या वर्षी गादीवर आला आणि २१ जून १३७७ रोजी वारला. पन्नास वर्षांचे राज्य, एकच राणी आणि डझनभर मुले. त्याच्यामागे शंभर वर्षांच्या आत त्याच्याच पणतू-खापरपणतूंनी एकमेकांची डोकी उडवली. शाळेच्या पुस्तकात ज्याला गुलाबांची युद्धे म्हणतात ती मुळात एकाच घरातल्या लँकेस्टर आणि यॉर्क या दोन शाखांची भाऊबंदकी होती, आणि ती समजायला वंशावळ हातात असावीच लागते.

तयार वंशावळी हव्या तितक्या मिळतात, पण त्या बघून नवख्याच्या डोक्यात फारसे काही राहत नाही. पाच एडमंड, सहा रिचर्ड, चार फिलिपा. नावे पाठ करायचा प्रयत्न केला की दुसऱ्या दिवशी सगळी सरमिसळ होते. भांडण एकेका दुव्यावरून होते: मधला दुवा मुलगा की मुलगी, आणि लग्नाचा की लग्नाबाहेरचा. म्हणून इथे सांगितलेली पद्धत माणसांपेक्षा दुव्यांवर भर देते. एका रविवारी बसून होण्यासारखे काम आहे.

कागद कसा आखायचा

एक पांढरा चार्टपेपर घ्या, ५६ × ७१ सेंमीचा. लांब पट्टी, पेन्सिल, खोडरबर, एक निळे आणि एक लाल बॉलपेन. कागद आडवा धरा, म्हणजे रुंदी ७१ आणि उंची ५६ सेंमी होईल.

बहुतेक जण पहिली चूक इथेच करतात: पिढ्यांचे आडवे पट्टे आखतात. पहिल्या पट्ट्यात मुले, दुसऱ्यात नातवंडे, तिसऱ्यात पतवंडे. या घराण्यात ते चालत नाही. एडवर्ड चौथा हा राजा एका वाटेने एडवर्ड तिसऱ्यापासून सहाव्या पिढीत येतो, तर दुसऱ्या दोन वाटांनी चौथ्या पिढीत. एकाच माणसाला दोन पट्ट्यांत कसे बसवणार? म्हणून पट्टे पिढ्यांचे नकोत, वर्षांचे हवेत.

वरून १ सेंमी सोडून १३१० ची रेघ मारा. प्रमाण ठेवा एका वर्षाला ३ मिमी. दर दहा वर्षांनी, म्हणजे दर ३ सेंमीवर, पेन्सिलने फिकट आडवी रेघ. अठरा पट्टे होतील आणि तळाशी १४९० येईल. प्रत्येक माणूस त्याच्या जन्मवर्षाच्या उंचीवर लिहायचा. १४११ साली जन्मलेला यॉर्कचा रिचर्ड १३१० च्या रेघेखाली ३०३ मिमीवर, १४५७ सालचा हेन्री सातवा ४४१ मिमीवर. याचा मोठा फायदा असा, की मुलगा चुकून बापाच्या वर लिहिला गेला तर लगेच दिसते.

डावीकडे वर्षांसाठी २ सेंमी सोडा. उरलेल्या ६९ सेंमीत पाच उभे रकाने, पण सारख्या रुंदीचे नाहीत. डावीकडून उजवीकडे: थॉमसला ८ सेंमी, ब्लॅक प्रिन्सला ७, जॉन ऑफ गॉन्टला २८, एडमंडला १२, लायनेलला १४. हा क्रम जन्माचा नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. जन्माच्या क्रमाने आखले तर लायनेल आणि एडमंड यांच्या मध्ये गॉन्टचा भला मोठा गोतावळा येतो, आणि पुढे या दोन शाखांचे लग्न दाखवायची रेघ सगळ्या कागदावरून आडवी जाते. वरच्या क्रमाने या दोन शाखा शेजारी येतात आणि रेघा जवळजवळ कुठेच एकमेकींना छेदत नाहीत.

रेघांचे नियम तीन. मूल मुलगा असेल तर त्याच्याकडे जाणारी रेघ निळी, मुलगी असेल तर लाल. लग्नाबाहेरचे मूल असेल तर रेघ तुटक. लग्नाबाहेर जन्मून पुढे कायद्याने औरस ठरले असेल तर तुटक रेघेच्या शेजारी दुसरी अखंड रेघ. एवढे पाळले की अर्धे राजकारण रंगांतच दिसू लागते.

पाच मुलगे आणि त्यांचे संकेतांक

सर्वात वर, मधोमध, एडवर्ड तिसरा आणि हेनॉची फिलिपा. लग्न २४ जानेवारी १३२८, यॉर्क येथे. राणी १५ ऑगस्ट १३६९ रोजी वारली.

त्यांच्या मुलांची संख्या वेगवेगळ्या ठिकाणी बारा किंवा तेरा दिलेली दिसेल. तान्हेपणी गेलेल्या मुलांची नोंद सगळीकडे सारखी नाही, म्हणून हा फरक. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या राजाच्या थडग्यावर बारा मुलांच्या ब्राँझच्या छोट्या मूर्ती होत्या, त्यांतल्या सहा आज उरल्या आहेत. लहानपणी गेलेल्यांची नावे कागदाच्या मागच्या बाजूला लिहा. पुढची बाजू ज्यांचा वंश चालला किंवा ज्यांच्यावरून वाद झाला त्यांच्यासाठी.

मोठे होऊन वाढलेले मुलगे पाच. त्यांना जन्माच्या क्रमाने अक्षरे द्या:

क: एडवर्ड, ज्याला पुढे ब्लॅक प्रिन्स म्हणू लागले (१३३०–१३७६)
ख: लायनेल ऑफ अँटवर्प, ड्यूक ऑफ क्लॅरेन्स (१३३८–१३६८)
ग: जॉन ऑफ गॉन्ट, ड्यूक ऑफ लँकेस्टर (१३४०–१३९९)
घ: एडमंड ऑफ लँगली, ड्यूक ऑफ यॉर्क (१३४१–१४०२)
च: थॉमस ऑफ वुडस्टॉक, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर (१३५५–१३९७)

नावातले अँटवर्प, लँगली, वुडस्टॉक ही जन्मगावे आहेत, आणि गॉन्ट म्हणजे बेल्जियममधले गेंट शहर. राजा तेव्हा फ्रान्सविरुद्धच्या मोहिमेसाठी फ्लँडर्स-ब्राबांटच्या भागात राहिला होता, म्हणून दोन मुलगे समुद्रापलीकडे जन्मले.

आता प्रत्येक वंशजाच्या नावाखाली संकेतांक लिहायचा: शाखेचे अक्षर आणि एडवर्ड तिसऱ्यापासूनची पिढी. गॉन्ट स्वतः ग१, त्याचा मुलगा हेन्री चौथा ग२, नातू हेन्री पाचवा ग३. एकाच माणसाला दोन-तीन संकेतांक येऊ शकतात, ते सगळे लिहा. हे आकडे पुढे फार उपयोगी पडतात.

एक सावधगिरी: जुन्या कागदांत लायनेलला ‘तिसरा मुलगा’ आणि गॉन्टला ‘चौथा मुलगा’ म्हटलेले सापडेल. चूक नाही. ब्लॅक प्रिन्सनंतर १३३७ साली विल्यम ऑफ हॅटफील्ड जन्मला आणि तान्हेपणीच गेला, त्याला धरून ही मोजणी आहे. आपल्या कागदावर ‘वाढलेल्या मुलांपैकी दुसरा’ असे स्पष्ट लिहा.

तारखा उतरवण्याआधी

याच टप्प्यावर सर्वात जास्त चुका होतात आणि त्या वर्षभराच्या फरकाच्या असतात. इंग्लंडमध्ये तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचे. म्हणून राजाचे लग्न काही ठिकाणी जानेवारी १३२७ असे दिसते, आणि आपल्या हिशेबाने ते १३२८ असते. १ जानेवारी ते २४ मार्च यांमधली कोणतीही तारीख आली की थांबा, आणि लिहिणाऱ्याने कोणते वर्ष धरले आहे ते बघा.

सरकारी कागदांत तर बहुधा सन नसतोच, राज्यवर्ष असते. एडवर्ड तिसऱ्याचे पहिले राज्यवर्ष २५ जानेवारी १३२७ ते २४ जानेवारी १३२८. हिशेब सोपा आहे: राज्यवर्षात १३२६ मिळवा, त्या सनाच्या २५ जानेवारीला ते वर्ष सुरू होते. पन्नासावे राज्यवर्ष म्हणजे २५ जानेवारी १३७६ ते २४ जानेवारी १३७७. फसगत जानेवारीच्या पहिल्या २४ दिवसांत होते. ‘३२ व्या वर्षी, १३ जानेवारी’ असे असेल तर ते १३५८ नव्हे, १३५९. राजाचे लग्न स्वतः पहिल्या राज्यवर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी पडते. शिवाय १३४० पासून तो स्वतःला फ्रान्सचाही राजा म्हणवू लागला, त्यामुळे त्यानंतरच्या कागदांत दोन आकडे असतात: इंग्लंडचे चौदावे, फ्रान्सचे पहिले. मोठा आकडा धरायचा.

आधी सोपे रकाने

क चा रकाना लवकर संपतो. ब्लॅक प्रिन्सने १३६१ साली केंटच्या जोनशी लग्न केले. थोरला मुलगा लहानपणी गेला. धाकटा रिचर्ड दुसरा, जन्म ६ जानेवारी १३६७, बोर्दो. बाप आजोबांच्या वर्षभर आधी गेला, म्हणून १३७७ साली दहा वर्षांचा नातू गादीवर बसला. त्याला मूल झाले नाही. १३९९ साली चुलतभाऊ हेन्रीने त्याला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी तो पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्यात मेला. रकान्याच्या तळाशी आडवी जाड रेघ मारा: शाखा बंद.

च मध्ये थॉमसची मुलगी ॲन (च२) आणि तिचा मुलगा हम्फ्री स्टॅफर्ड, ड्यूक ऑफ बकिंगहॅम (च३, १४०२–१४६०) एवढे पुरे. हम्फ्रीची बायको नेव्हिल घराण्यातली, आणि आईकडून गॉन्टची नात. तिथे लांब रेघ ओढू नका. बायकोच्या नावापुढे ‘ग३’ लिहा आणि पुढे चला.

या भावांची लग्ने बघताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये. गॉन्टने कॅस्टीलच्या कॉन्स्टन्सशी लग्न केले आणि एडमंडने तिच्या बहिणीशी, इझाबेलाशी. सख्खे भाऊ एकमेकांचे साडूही झाले. पुढे थॉमसने एलिनॉर द बोहन केली आणि त्याचा पुतण्या हेन्री, म्हणजे भावी हेन्री चौथा, याने एलिनॉरची बहीण मेरी. काका-पुतणे साडू. कारण जमिनीत आहे. मुलगा नसला तर जमीन मुलींत सारखी वाटली जायची, आणि बोहन घराण्यात दोनच मुली होत्या. म्हणून प्रत्येक लग्नापाशी ‘मुलीला भाऊ होता का?’ हा प्रश्न लिहून ठेवा. उत्तर ‘नाही’ असेल तर ते लग्न जमिनीचे होते.

लायनेल आणि एडमंड यांचा सांधा

लायनेलला एकच मुलगी: फिलिपा (ख२), जन्म १३५५. तिचे लग्न मार्च नावाच्या जहागिरीचा तिसरा अर्ल (सरदार) एडमंड मॉर्टिमर याच्याशी. तिचा मुलगा रॉजर (ख३, १३७४–१३९८). रॉजरची मुले एडमंड, पाचवा अर्ल (१३९१–१४२५), आणि ॲन (दोघेही ख४). लायनेलपासून फिलिपाकडे लाल रेघ, फिलिपापासून रॉजरकडे निळी, रॉजरपासून ॲनकडे पुन्हा लाल. दोन लाल दुवे. यॉर्क घराण्याचा सगळा दावा या दोन लाल रेघांवर उभा आहे.

शेजारच्या रकान्यात एडमंड ऑफ लँगली (घ१), त्याचे मुलगे एडवर्ड आणि रिचर्ड ऑफ कॉनिसबरो (घ२). रिचर्डने ॲन मॉर्टिमरशी १४०८ च्या सुमारास लग्न केले. इथे दोन रकान्यांच्या सीमेवर जोडरेघ मारा.

त्यांचा मुलगा रिचर्ड, जन्म २१ सप्टेंबर १४११. त्याचे संकेतांक दोन: ख५ आणि घ३. १४१५ साली ५ ऑगस्टला त्याच्या बापाचे राजद्रोहाबद्दल डोके उडवले गेले. २५ ऑक्टोबरला काका एडवर्ड ॲजिनकोर्टच्या लढाईत निपुत्रिक मारला गेला. दहा वर्षांनी मामा एडमंड मॉर्टिमर, तोही निपुत्रिक, गेला. ड्यूक ऑफ यॉर्क ही पदवी काकाची, मार्चची जहागीर आणि गादीवरचा हक्क मामाकडचा. नवखे वाचक ‘यॉर्क’ या नावावरून समजतात की हक्क एडमंड ऑफ लँगलीकडून आला. तसे असते तर भांडणच उभे राहिले नसते, कारण एडमंड गॉन्टपेक्षा धाकटा. हक्क आजोळचा होता, लायनेलचा.

गॉन्टचा मोठा रकाना

२८ सेंमी का सोडले ते इथे कळते. तीन बायका, तिघींची मुले, आणि तिन्ही वाटांनी राजे.

रकान्याचे तीन भाग करा. डावीकडे परदेशी गेलेल्या मुली, मधे हेन्री चौथ्याची शाखा, उजवीकडे तिसऱ्या बायकोची मुले, म्हणजे बोफर्ट.

पहिली बायको लँकेस्टरची ब्लान्श, लग्न १३५९. लँकेस्टरची प्रचंड जहागीर तिच्या माहेरची. तिची मुले फिलिपा (जन्म १३६०), एलिझाबेथ आणि हेन्री चौथा (१३६७–१४१३), सगळी ग२. फिलिपाने १३८७ साली पोर्तुगालचा राजा जुआंव पहिला याच्याशी लग्न केले. हेन्री चौथ्याला चार मुलगे होते, पण जगलेले औरस मूल फक्त थोरल्यालाच झाले: हेन्री पाचवा, त्याचा हेन्री सहावा (जन्म १४२१), त्याचा एकुलता एक एडवर्ड, जो ४ मे १४७१ रोजी ट्यूक्सबरीला पडला. त्याच महिन्यात हेन्री सहावाही टॉवर ऑफ लंडनमध्ये संपला. मधल्या भागात जाड आडवी रेघ.

दुसरी बायको कॉन्स्टन्स, लग्न १३७१. तिची मुलगी कॅथरीन कॅस्टीलच्या राजाला दिली. तिची नात म्हणजे कोलंबसला पाठवणारी राणी इसाबेल.

तिसरी कॅथरीन स्विनफर्ड. तिची चारही मुले, जॉन, हेन्री, थॉमस आणि जोन बोफर्ट, गॉन्टचे कॉन्स्टन्सशी लग्न झालेले असताना १३७० च्या दशकात आणि त्याच्या आगेमागे जन्मली. कॉन्स्टन्स १३९४ ला वारली, गॉन्टने कॅथरीनशी जानेवारी १३९६ मध्ये लग्न केले, त्याच वर्षी पोपने आणि फेब्रुवारी १३९७ मध्ये रिचर्ड दुसऱ्याने संसदेत मुलांना औरस ठरवले. तुटक रेघेशेजारी अखंड रेघ ती इथे. १४०७ साली त्यांचाच सावत्र भाऊ हेन्री चौथा याने त्या सनदेला दुजोरा देताना तीन लॅटिन शब्द घुसवले, ‘राजपद वगळून’ या अर्थाचे. संसदेने मंजूर केलेली गोष्ट राजा नुसत्या सनदेने बदलू शकतो का, हा वाद त्यातून उरला. कागदावर या रेघेपाशी ‘१३९७’ आणि ‘१४०७’ ही दोन्ही वर्षे लिहा. एकच लिहिली तर चित्र एकतर्फी होते.

जॉन बोफर्टचा (ग२) मुलगा जॉन, ड्यूक ऑफ सॉमरसेट (ग३), त्याची मुलगी मार्गारेट (ग४, १४४३–१५०९), तिचा मुलगा हेन्री सातवा (ग५). जोन बोफर्टची (ग२) मुलगी सिसिली नेव्हिल (ग३, १४१५–१४९५). सिसिलीचे लग्न यॉर्कच्या रिचर्डशी, म्हणून जोनची उपशाखा रकान्याच्या अगदी उजव्या कडेला लिहा, एडमंडच्या रकान्याला लागून. आता एडवर्ड चौथ्याचे (१४४२–१४८३) संकेतांक मांडा: ख६, ग४, घ४. लँकेस्टरचा वैरी स्वतः गॉन्टचा पणतू होता. त्याची मुलगी एलिझाबेथ (ख७, ग५, घ५) १८ जानेवारी १४८६ रोजी हेन्री सातव्याची राणी झाली.

तीन नियम लावून बघा

कागद भरला की त्याचा खरा उपयोग सुरू होतो. प्रश्न एकच: रिचर्ड दुसऱ्यानंतर कोण?

पहिला नियम: थोरल्याची शाखा आधी, मग दुवा मुलगी असली तरी चालेल. बोट ख वर ठेवा आणि खाली या. उत्तर एडमंड मॉर्टिमर, १३९९ च्या सप्टेंबरात सात वर्षांचा पोर.

दुसरा नियम: फक्त निळ्या रेघा. ख वर पहिल्याच पायरीला लाल रेघ लागते, बाद. ग वर या. उत्तर हेन्री चौथा. हा नियम त्याच्या सोयीसाठी मागाहून शोधला गेला असे समजू नका. खुद्द एडवर्ड तिसऱ्याने १३७६ साली, थोरला मुलगा गेल्यावर, गादी पुरुषशाखेतच राहावी असा दस्त केला होता. त्याची आगीने खराब झालेली एक नक्कल आजही आहे. याच राजाने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला होता तो मात्र आईच्या बाजूने. हेन्री चौथ्यालाही हा नियम पेलला नाही. १४०६ च्या जूनमध्ये त्याने वारसा पुरुषशाखेपुरता केला आणि डिसेंबरात मुलींना परत सामील केले.

तिसरा नियम: संसद जे मान्य करील ते. १४६० च्या ऑक्टोबरात यॉर्कच्या रिचर्डने पहिला नियम पुढे केला. तडजोड झाली ती अशी: हेन्री सहावा मरेपर्यंत राजा, त्यानंतर रिचर्ड. ३० डिसेंबरला वेकफील्डला रिचर्ड मारला गेला, आणि मार्च १४६१ मध्ये त्याचा मुलगा एडवर्ड चौथा राजा झाला.

आता पहिले दोन नियम १४७१ च्या जूनला लावा. गॉन्टची औरस पुरुषशाखा संपली, मे महिन्यात बोफर्टांचे शेवटचे औरस पुरुषही गेले. निळ्या रेघांनी गेलात तर ग नंतर घ, आणि घ वर एडवर्ड चौथा. म्हणजे त्या क्षणी तो दोन्ही नियमांनी वारस आहे. बऱ्याच लेखांत हे येतच नाही, कारण लिहिणारा ‘यॉर्क विरुद्ध लँकेस्टर’ यातच अडकतो. आणि लँकेस्टर घरात पहिला नियम लावला तर गॉन्टच्या थोरल्या मुलीचा नातू, पोर्तुगालचा राजा अफोन्सो पाचवा, पुढे येतो. हेन्री ट्यूडर, म्हणजे हेन्री सातवा, नाही. हेन्री सातव्याचा दावा या कागदावर तरी कोणत्याही नियमाने पहिला येत नाही. १४८५ च्या संसदेनेही त्याचा हक्क कुठून आला ते सांगितले नाही, राजपद त्याचे आहे एवढेच जाहीर केले.

नात्याची पायरी मोजणे

चौथ्या पायरीच्या आत नाते असेल तर लग्नाला चर्चची परवानगी लागायची. मोजणी समाईक पूर्वजापासून, दोन्हीकडे वेगळी. संकेतांक इथे कामाला येतात. अक्षरे वेगळी असतील तर समाईक पूर्वज एडवर्ड तिसरा, म्हणजे आकडे थेट वाचा: रिचर्ड ऑफ कॉनिसबरो घ२, ॲन ख४, नाते दुसऱ्या-चौथ्या पायरीचे. त्यांना १४०८ मध्ये पोपची परवानगी मिळाली. अक्षर एकच असेल तर समाईक पूर्वज खाली असतो, तेवढे वजा करा. हेन्री सातवा ग५ आणि एलिझाबेथ ग५, पूर्वज गॉन्ट, म्हणून चौथी-चौथी पायरी. जानेवारी १४८६ च्या परवानगीत नेमके तेच लिहिले आहे. तुमची मोजणी परवानगीच्या कागदाशी जुळली नाही तर बहुधा एखादी पिढी सुटली आहे.

नावांचे सापळे

पदवी हे नाव नव्हे, खुर्ची आहे. ‘ड्यूक ऑफ क्लॅरेन्स’ लायनेलही आहे, हेन्री चौथ्याचा मुलगा थॉमसही, आणि एडवर्ड चौथ्याचा भाऊ जॉर्जही. ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ थॉमस ऑफ वुडस्टॉक, मग हेन्री चौथ्याचा मुलगा हम्फ्री, मग एडवर्ड चौथ्याचा भाऊ, पुढचा राजा रिचर्ड तिसरा. पदवी दिसली की शेजारी वर्ष लिहा. वर्षाशिवाय पदवी लिहू नका.

मार्गारेट बोफर्ट एकाच वेळी दोन होत्या, सख्ख्या चुलतबहिणी. एक हेन्री सातव्याची आई. दुसरी तिच्या काकाची, दुसऱ्या ड्यूक ऑफ सॉमरसेटची मुलगी. दोघींची लग्ने बकिंगहॅमच्या स्टॅफर्ड घरातल्या दोन भावांशी झाली, त्यामुळे त्या जावाही होत्या. मुले सहज अदलाबदल होतात. तसेच जोन बोफर्ट दोन: गॉन्टची मुलगी, आणि तिची भाची जी स्कॉटलंडची राणी झाली. देवनागरीत जॉन आणि जोन यांत फरक एका मात्रेचा, म्हणून बायकांची नावे लाल पेनानेच लिहा.

पडताळणी

प्रत्येक दुव्याला तीन प्रश्न विचारा. मुलाच्या जन्मावेळी आई किती वर्षांची होती? बाप नऊ महिन्यांपूर्वी जिवंत होता का? लग्न आधी झाले होते का? उत्तर विचित्र आले तर दुवा खोडू नका, फक्त पेन्सिलने खूण करा. मार्गारेट बोफर्ट आई झाली तेव्हा तेरा वर्षांची होती, आणि नवरा एडमंड ट्यूडर बाळाच्या जन्मापूर्वी सुमारे तीन महिने वारला होता. संगणकाची वंशावळ-प्रणाली याला चूक म्हणेल, पण या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वयासाठी उत्तम पुरावा म्हणजे मृत्यूनंतरची वारसचौकशी. राजाकडून थेट जमीन धारण करणारा मेला की पंचांसमोर वारस आणि त्याचे वय नोंदवले जाई. पण ‘२१ वर्षे व अधिक’ असे लिहिले असेल तर तो एकवीसच आहे असे नाही, सज्ञान आहे एवढाच अर्थ. त्यावरून जन्मवर्ष काढून चार्टवर मारले तर दहा वर्षांचीही चूक पडू शकते. आणि गावोगावच्या चर्चमधल्या जन्म-लग्न नोंदी १५३८ पासूनच्या. त्याआधीची ‘बाप्तिस्मा नोंद’ कुणी ऑनलाइन वंशावळीत दाखवली तर ती मुळात कुठून आली ते विचारा.

कागद आणि रक्त यांतला फरकही ध्यानात ठेवा. लेस्टरला २०१२ साली सापडलेला सांगाडा रिचर्ड तिसऱ्याचा असल्याचे मातृवंशाच्या डीएनएने जुळले; हा धागा त्याची बहीण ॲन हिच्या लेकीबाळींतून आजवर आला होता. पण पुरुषवंशाचा वाय गुणसूत्राचा नमुना, एडवर्ड तिसऱ्यापासून गॉन्ट-बोफर्ट वाटेने आलेल्या आजच्या पुरुषांशी जुळला नाही. मधल्या १९ दुव्यांपैकी किमान एका ठिकाणी कागदावरचा बाप खरा बाप नव्हता. तो दुवा कोणता हे डीएनए सांगत नाही, म्हणून एखाद्या ठरावीक राजावर बोट ठेवणाऱ्या मजकुरावर विश्वास ठेवू नका. चार्टवर काही खोडायची गरज नाही. हक्क कायद्याच्या नात्याने ठरत होते.

सरावासाठी: मुंबईचे लग्न

पद्धत हाताला बसली का, हे बघायला आपल्या ओळखीचे उदाहरण घ्या. १६६१ च्या तहाने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडला आंदण दिली आणि १६६२ मध्ये ब्रगान्झाची कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. नवरा-नवरी दोघेही गॉन्टचे वंशज. चार्ट १४९० ला संपतो, म्हणून नवा कागद घ्या: १३४० ते १६४०, वर्षाला १.५ मिमी, एकूण ४५ सेंमी.

नवरीची बाजू: गॉन्ट, त्याची मुलगी फिलिपा, तिचा मुलगा राजा दुआर्ते, त्याचा फर्नांदो, त्याचा मानुएल पहिला (याच्याच काळात १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले), त्याचा धाकटा मुलगा दुआर्ते, त्याची मुलगी कातारीना, तिचा तेओदोसियो, त्याचा जुआंव चौथा, त्याची कॅथरीन. संकेतांक ग१०. इथे दोन दुआर्ते आहेत. एक गाळला की आकडा जुळत नाही.

नवऱ्याची बाजू: गॉन्ट, जॉन बोफर्ट, ड्यूक जॉन, मार्गारेट, हेन्री सातवा, त्याची मुलगी मार्गारेट ट्यूडर, तिचा मुलगा स्कॉटलंडचा जेम्स पाचवा, त्याची मुलगी मेरी, तिचा जेम्स (इंग्लंडचा पहिला), त्याचा चार्ल्स पहिला, त्याचा चार्ल्स दुसरा. संकेतांक ग११. गॉन्ट समाईक, म्हणून नाते नवव्या-दहाव्या पायरीचे. या वाटेने परवानगीचा प्रश्न येत नाही. मधल्या दुव्यांत नवरीच्या बाजूला दोन लाल रेघा यायला हव्यात, फिलिपा आणि कातारीना, आणि नवऱ्याच्या बाजूला तीन, दोन मार्गारेट आणि मेरी. तुमच्या कागदावर कमी आल्या असतील तर मानुएलपासून पुढे पुन्हा मोजा, गळती बहुधा तिथेच असते.